फोटो-नावाच्या भेटवस्तू घरून विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाढदिवसाला फोटोचा मग, बारशाला बाळाच्या नावाची किचेन, वास्तुशांतीला मराठी नेमप्लेट अशा ऑर्डर आता गावोगावी निघतात. घरातली एक खोली, एक टेबल आणि वीस-बावीस हजार रुपये एवढ्यावर हे काम सुरू होतं. इथे मुख्यतः सब्लिमेशन छपाईबद्दल, म्हणजे कागदावरची खास शाई उष्णतेनं वस्तूवर उतरवण्याबद्दल लिहिलं आहे, कारण घरून सुरुवात करणारे बहुतेक जण तिथूनच करतात. भाव अंदाजे आहेत, गावागणिक थोडे मागेपुढे होतील.

सुरुवातीला कोणती वस्तू निवडावी?

पांढरा सिरॅमिक मग. त्याचा आकार ठरलेला असतो, तो एकाच मशीनवर होतो, त्याच्या मापाचा खोका तयार मिळतो आणि त्याची साधारण किंमत ग्राहकाला माहीत असते. टी-शर्ट घेतले तर एस पासून डबल एक्सएल पर्यंत माल भरून ठेवावा लागतो आणि नको असलेली मापं कपाटात पडून राहतात. रेझिनच्या वस्तूंना सुकायला साधारण चोवीस तास लागतात आणि तेवढ्या वेळात घरातली धूळ त्यावर बसते. लेझर मशीन महाग पडतं आणि त्याचा धूर राहत्या घरात सोसवत नाही. नेमप्लेटची ऑर्डर आली तर डिझाइन आपण करावं, कटिंग गावातल्या लेझरवाल्याकडून करून घ्यावं.

मगवर हात बसला, दिवसाला दहा मग न बिघडता निघू लागले, की त्यानंतर किचेन, फोटोफ्रेम आणि उशीचे अभ्रे वाढवा. पहिल्याच महिन्यात सगळं मांडून बसणाऱ्यांचा पैसा मालात अडकतो.

सब्लिमेशन म्हणजे काय? घरातल्या साध्या कपावर छापता येईल का?

नाही. ही शाई उष्णतेनं वितळत नाही, तिची थेट वाफ होते आणि ती वाफ पॉलिस्टरच्या लेपात शिरून बसते. म्हणून वस्तूवर तो लेप असावा लागतो, किंवा कापड पॉलिस्टरचं असावं लागतं. भांड्यांच्या दुकानातल्या चकचकीत पांढऱ्या कपावर लेप नसतो. त्यावर थोडा रंग उठल्यासारखा दिसला तरी पहिल्या धुण्यात जातो. माल घेताना 'सब्लिमेशन कोटेड' असं स्पष्ट विचारून घ्या.

या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातला पांढरा भाग म्हणजे खालच्या वस्तूचा पांढरेपणा. त्यामुळे काळ्या किंवा गडद वस्तूवर हे काम होत नाही, आणि पिवळ्या उशीवर छापलेला निळा हिरवट दिसतो.

एकूण काय काय लागतं आणि खर्च किती?

इंक टँकचा ए-४ प्रिंटर ११ ते १३ हजार, चार रंगांच्या सब्लिमेशन शाईच्या बाटल्या हजार ते दीड हजार, मग प्रेस (मगला उष्णता आणि दाब देणारं मशीन) साडेतीन ते सहा हजार, सब्लिमेशन पेपरचं शंभर कागदांचं पाकीट तीन-चारशे, उष्णता सोसणारी टेप, धारदार कटर आणि पोलादी पट्टी. पहिले ३६ मग खोक्यांसकट घ्या. घाऊकात एक मग ६० ते ९० रुपयांना पडतो. कॉम्प्युटर नसेल तर मोबाइलवर डिझाइन करून तिथूनच छापता येतं, पण रोज पाच ऑर्डरच्या वर गेलात की जुना का होईना लॅपटॉप हवा.

मग, टी-शर्ट, प्लेट, टोपी सगळं एकात करणारी 'फाइव्ह इन वन' मशीन दुकानदार आग्रहानं दाखवतो. तिचे भाग दर वेळी बदलत बसावे लागतात आणि एक बिघडलं की सगळंच बंद पडतं. आधी फक्त मग प्रेस घ्या. पुढे सपाट वस्तूंसाठी १५ बाय १५ इंचांची वेगळी प्रेस घ्या.

मालासाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे एकदा तरी स्वतः जाऊन यावं. मग हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. लेपात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर छपाईत तिथे पांढरे ठिपके येणार.

घरात मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला प्रिंटर वापरता येईल का?

त्यात साधी शाई एकदा भरलेली असेल तर नको. नळ्यांमध्ये उरलेली शाई मिसळत राहते आणि रंग कधीच धड लागत नाहीत. नवा प्रिंटर घ्यावा, पहिल्यापासून त्यात सब्लिमेशन शाईच भरावी आणि तो याच कामाला ठेवावा. बाहेरची शाई भरली की कंपनीची वॉरंटी जाते, हे धरूनच चाला. कारखान्यातूनच सब्लिमेशन शाईसकट येणारे प्रिंटर मिळतात, ते महाग पण बिनघोर असतात. लेझर प्रिंटर या कामाला चालत नाही.

प्रिंटर आठवडाभर बंद ठेवू नका. शाई प्रिंटरच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात सुकते. ऑर्डर नसली तरी दर तीन-चार दिवसांनी सगळे रंग येतील असं एक छोटं चित्र छापा. गावाला जाण्याआधी आणि आल्यावर नोझल चेक, म्हणजे सगळ्या छिद्रांतून शाई येते ना हे दाखवणारी चाचणी, घ्या.

मग छापायची रीत पायरीपायरीनं सांगा.

नेहमीचा मग ११ औंसाचा, म्हणजे सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास असतो. त्यासाठी चित्राचं माप २० सेंटिमीटर रुंद, ९ सेंटिमीटर उंच ठेवा. चित्र मध्यावर एकच नसेल तर डावं-उजवं आधी ठरवा. उजव्या हातानं कान धरून चहा पिणाऱ्याला स्वतःला दिसते ती डिझाइनची उजवी अर्धी बाजू, आणि समोर बसलेल्याला दिसते ती डावी. बाबांना नातीचा फोटो रोज बघायचा असेल तर तो उजव्या अर्ध्यात घ्या, 'जगात भारी बाबा' हे डाव्या अर्ध्यात.

छापताना 'मिरर', म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचा पर्याय, चालू आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा. तो राहिला तर मगवर फोटो उलटा आलेला पटकन कळत नाही, नाव उलटं आलं की तो मग वाया. कागद सब्लिमेशनचा निवडा, दर्जा 'हाय' ठेवा. कागदावरचे रंग विटके, मातकट दिसतात. घाबरून शाई वाढवू नका, उष्णता लागली की ते खुलतात.

मग कोरड्या, सुती, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा. बोटाचा तेलकट ठसासुद्धा छपाईत उमटतो. कागद शाईची बाजू आत करून मगवर गुंडाळा, कानाच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवा आणि ताणून टेप लावा: दोन्ही उभ्या कडांना, शिवाय वर आणि खाली एकेक तुकडा. आता कागदावरून अंगठा फिरवा. कुठे पोकळ लागत असेल, कागद जरासा वर उचलल्यासारखा वाटत असेल, तर टेप काढून पुन्हा लावा. निम्मे बिघाड याच क्षणी ठरतात.

प्रेस १८० अंश सेल्सिअसला आणून मग ठेवा आणि १८० सेकंद द्या. हा सुरुवातीचा आकडा झाला. प्रत्येक मशीनचा काटा थोडा खोटा असतो, त्यामुळे चार मग चाचणीसाठी धरा आणि १६० ते २१० सेकंदांमध्ये आपल्या मशीनचा आकडा शोधा. थंड मग आत गेला की प्रेसच्या तापलेल्या पाटीवरचं तापमान खाली येतं. ते परत वर चढल्यावर वेळ मोजणारं मशीन असेल तर चांगलं. दाब इतका असावा की प्रेसची मूठ दोन्ही हातांनी नाही पण एका हातानं जरा जोर लावून बंद होईल.

वेळ संपल्याचा आवाज आला की जाड हातमोजे घालून मग कानाला धरून बाहेर काढा. कागदातून पांढरा धूर निघतो, जळक्या प्लास्टिकसारखा वास येतो. खिडकी उघडी ठेवा. टेपचं एक टोक सोडवून कागद एकाच दमात ओढा. अर्ध्यावर थांबलात आणि कागद परत टेकला तर फोटोतल्या डोळ्यांच्या कडेला दुसरी फिकी सावली उमटते. मग लाकडी फळीवर किंवा जाड टॉवेलवर ठेवून आपोआप थंड होऊ द्या. काही जण लगेच पाण्यात बुडवतात. त्यानं काम लवकर होतं, पण मगला बारीक तडे जाऊ शकतात आणि ते ग्राहकाच्या घरी उकळत्या चहानं उघडे पडतात.

इतकं करूनही मग बिघडतात. का?

कडेचा रंग उडालेला, मधला चांगला: दाब कमी, किंवा मग वर निमुळता. वरची कड फिकी असेल तर मग प्रेसमध्ये थोडा खाली-वर करून पाहा.

कानाजवळ फिकं: प्रेसची पाटी कानापर्यंत पोचतच नाही. कानापासून सव्वा ते दीड सेंटिमीटर जागा मोकळीच सोडा आणि तिथे अक्षर ठेवू नका.

काळा रंग तपकिरी झाला: वेळ किंवा तापमान जास्त. काळा हिरवट दिसला तर उलटं, उष्णता कमी पडली. हे दोन्ही ओळखायला चाचणीच्या मगवर काळ्याचा एक चौकोन मुद्दाम ठेवा.

चित्राच्या कडा धूसर, शाई पसरल्यासारखी: वेळ जास्त किंवा कागद सरकला.

निळे ठिपके: मगवर किंवा पाटीवर धूळ, कापसाचा धागा. चित्रावर ढगासारखे डाग: कागदात ओल.

चेहरे लालसर: हा प्रश्न प्रेसचा नाही, रंगसंगतीचा आहे. शाई विकणाऱ्याकडून त्या शाईचं आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवून देणारी फाइल) मागून घ्या आणि छापताना तेच निवडा. भारतीय त्वचेचे रंग त्याशिवाय बरोबर येत नाहीत. प्रोफाइल देत नाही अशाकडून शाई घेऊ नका.

शंभरातले आठ-दहा मग वाया जातील असं धरून हिशोब करा. बिघडलेला मग 'चालतंय' म्हणून पाठवू नका. तो ग्राहकाच्या स्वयंपाकघरात रोज समोर राहतो.

ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. तो चालतो का?

पूर्ण मगभर छपाईला ३०० डीपीआयनं (दर इंचाला ३०० ठिपके) २३६२ बाय १०६३ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीनं पाठवलेला फोटो दाबला जाऊन लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास येतो. आख्खा फोटो वापरायचा असेल तर तेवढ्यात निभावतं. खरी अडचण ग्रुप फोटोची. लग्नातल्या वीस जणांच्या फोटोतून आजोबांचा चेहरा कापला तर तो जेमतेम ३०० पिक्सेलचा निघतो. ९ सेंटिमीटर उंचीला ताणला की ८५ डीपीआय, म्हणजे धूसर. तसा चेहरा ३-४ सेंटिमीटरच्या चौकटीत घ्या आणि बाकी जागा मजकुरानं भरा.

ग्राहकाला सांगायचं वाक्य तयार ठेवा: 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको.' जुना अल्बममधला फोटो असेल तर तो प्लास्टिकमधून बाहेर काढून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून काढायला सांगा.

मराठी मजकूर छापताना काय चुकतं?

सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो, आणि सगळ्यात जास्त ग्राहकही इथेच जोडले जातात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार डिझाइनमध्ये इंग्रजी आणि हिंदी भरपूर आहे. आजीच्या मगवर सुबक, शुद्ध मराठी ओळ देणारे कमी आहेत.

पहिली गोष्ट, नाव नेहमी ग्राहकाकडूनच देवनागरीत टाइप करून घ्या. इंग्रजी अक्षरांतलं 'आर्या' आणि 'आर्य' सारखंच दिसतं. कोणी ऋतुजा लिहितं, कोणी ऋतूजा, आणि ते त्या घराचं नाव असतं. व्याकरण दाखवून नाव आपण बदलायचं नाही. मजकुराचं शुद्धलेखन मात्र आपण तपासायचं: 'हार्दिक शुभेच्छा' मधला ऱ्हस्व शु, 'आशीर्वाद' मधली दीर्घ शी, 'वाढदिवसाच्या' या शब्दातला ढ.

दुसरी, नावाआधीची उपाधी. सौ. की श्रीमती हे विचारल्याशिवाय लिहू नका. आपल्याकडे अनेक घरांत श्रीमती म्हणजे पती हयात नसलेली स्त्री असाच अर्थ घेतात. पन्नासाव्या लग्नाच्या वाढदिवसाच्या फ्रेमवर 'श्री. व श्रीमती' छापलं गेलं तर तो आनंदाचा प्रसंग विस्कटतो. चि., चि. सौ. कां., कै. यांचंही तेच. शंका असेल तर उपाधी गाळून नुसती नावं घ्या.

तिसरी, अक्षरं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमधून 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडला की हे थांबतं. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीतला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये चिकटवला तर कचरा दिसतो, तो पुन्हा टाइप करावा. दुसऱ्याकडे छापायला पाठवताना मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकारांत, बदलून पीडीएफ द्या. 'र्‍या' मधला र, म्हणजे 'तुझ्या येणाऱ्या' सारख्या शब्दातला, नीट उमटतो ना हे फॉन्ट निवडतानाच बघा. मराठी डोळ्याला पाकळीचा ल आणि देठाचा श सवयीचा असतो. हिंदी वळणाचा ल असलेला फॉन्ट 'लाडक्या' या शब्दावर परका दिसतो. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ही वळणं मुळातच आहेत. मुक्ता आणि बालूसुद्धा मोफत आणि विक्रीच्या कामाला चालणारे आहेत.

शेवटी, छापण्याआधी डिझाइनचं चित्र पाठवून 'नाव, तारीख, स्पेलिंग बरोबर आहे, छापा' असं ग्राहकाकडून लेखी घ्या. नुसता अंगठ्याचा इमोजी घेऊ नका.

किंमत कशी ठरवावी?

एका मगचा हिशोब असा मांडा. कोरा मग ७५, शाई-कागद ६, टेप २, वीज १, खोका आणि बबल रॅप १८. झाले १०२. वाया जाणाऱ्याचे ८ धरले की ११०. प्रिंटर आणि प्रेसचे १६,५०० रुपये हजार मगांवर वाटले तर प्रत्येकी साडेसोळा. म्हणजे मग आपल्याला साधारण १२७ रुपयांना पडतो. २४९ ला विकला तर १२२ उरतात.

हे १२२ म्हणजे नफा समजू नका. ग्राहकाशी बोलणं, फोटो साफ करणं, डिझाइन, दोनदा बदल, छपाई आणि बांधणी यांत पाऊण तास सहज जातो. तीच तुमची मजुरी. म्हणून एक डिझाइन आणि एक बदल किमतीत, त्यापुढच्या प्रत्येक बदलाचे ३० रुपये वेगळे, असं आधीच लिहून ठेवा. शेजारची ताई १४९ ला देते म्हणून आपणही उतरलात तर पाऊण तासाचे वीस-बावीस रुपये हातात येतील.

जवळची माणसं भाव पाडून मागतात.

नातेवाइकांसाठी वेगळा दर ठरवायचा असेल तर तो सगळ्यांना एकच ठेवा, समजा दहा टक्के सूट. आत्याला फुकट आणि मावशीला अर्ध्या किमतीत दिलं की गोष्ट घरभर होते. लग्नकार्यात आहेर म्हणून द्यायचं तर ते आपल्या खिशातून दिलं असं वहीत लिहा, धंद्याच्या खात्यात मिसळू नका.

ऑर्डर वर्षभर मिळतात का?

सारख्या नाही मिळत. राखी, शिक्षक दिन, भाऊबीज, डिसेंबरातली शाळांची स्नेहसंमेलनं, फेब्रुवारीतला व्हॅलेंटाइन आणि लग्नसराई हे भरतीचे दिवस. पितृपंधरवड्यात मागणी आटते. तो काळ मशीन साफ करायला आणि दिवाळीची डिझाइनं तयार ठेवायला वापरा. बारसं, डोहाळजेवण, मुंज, साठी, निवृत्ती हे प्रसंग मात्र बारमाही आहेत आणि त्यांत एकदम वीस-तीस नगांची ऑर्डर येते.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर दहा-बारा वस्तूंचा कॅटलॉग किमतीसकट ठेवा. 'किंमत इनबॉक्समध्ये' असं लिहिलं की निम्मे लोक पुढे विचारत नाहीत. गूगलवर व्यवसायाची नोंद करताना घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. एकट्या बाईमाणसानं घरून काम करताना हे जरूर करावं. बचत गटातून काम करत असाल तर उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा प्रदर्शनांत माल मांडता येतो. तिथे जाताना छापलेल्या मालाबरोबर प्रेसही न्या. समोर बसून दहा मिनिटांत नाव घातलेली किचेन करून दिली की टेबलाभोवती गर्दी होते.

संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर कशी सांभाळावी?

हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं आणि सगळ्यांना वाण पहिल्याच शनिवार-रविवारी हवं असतं. एका नगाला ४० ते ८० रुपयांच्या वर कोणी जात नाही, पण नग पन्नास ते शंभर असतात. मग या भावात बसत नाही. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीची) किचेन, फ्रीजवरचं मॅग्नेट, छोटा आरसा, छापील कापडी पाऊच हे बसतं. सपाट प्रेसवर किचेन एका वेळी सहा-आठ ठेवता येतात. एमडीएफला १८० ते १९० अंशाला ६० ते ९० सेकंद पुरतात. वस्तूच्या वर एक कोरा कागद ठेवायला विसरू नका, नाहीतर शाईची वाफ प्रेसच्या पाटीला लागून पुढच्या घाण्यावर उतरते.

कोरा माल डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरा. जानेवारीत घाऊक बाजारात भाव चढतो आणि हवा तो आकार मिळत नाही. ऑर्डर ५ जानेवारीला बंद, असं आधीच जाहीर करा आणि ते पाळा.

पैसे आगाऊ घ्यावेत का? ग्राहकानं परत केलं तर?

एखाद-दुसऱ्या वस्तूला पूर्ण पैसे आगाऊ. नाव छापलेला मग दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, हे ग्राहकाला समजतं. मोठ्या ऑर्डरला ६० टक्के आधी, उरलेले माल देण्यापूर्वी. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका. बँकेचा मेसेज किंवा खातं बघून मगच कामाला लागा, खोटे स्क्रीनशॉट सर्रास येतात.

चूक आपली असेल, म्हणजे तुटका माल, मंजूर मजकुरापेक्षा वेगळं नाव, उडालेला रंग, तर वाद न घालता नवीन करून द्या. ग्राहकानं मंजूर केलेली चूक असेल तर कोऱ्या मालाचे पैसे घेऊन पुन्हा छापून द्या. दोन्ही नियम कॅटलॉगमध्ये लिहून ठेवा.

कुरिअरमध्ये मग फुटू नये म्हणून?

मगच्या पोटात कागदाचा बोळा, कानाभोवती बबल रॅपचा वेगळा पट्टा, नंतर संपूर्ण मगला दोन वेढे. कान सगळ्यात आधी तुटतो. हे तयार खोक्यात, आणि तो खोका बाहेरच्या पाच थरी खोक्यात. बंद करून कानाशी हलवा, आत काही हललं तर परत भरा. त्यानंतर तो बंद खोका कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकून बघा. नवीन प्रकारचा खोका आणला की एकदा ही चाचणी करायचीच.

खोका फार मोठा घेऊ नका. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. १५ बाय १२ बाय १२ चा खोका ४३२ ग्रॅम धरला जातो, मगचं खरं वजन बांधणीसकट साडेचारशेच्या घरात, म्हणजे अर्ध्या किलोच्या दरात बसतं. २० बाय १५ बाय १५ चा खोका घेतला तर तोच मग ९०० ग्रॅमचा होतो आणि एक किलोचा दर लागतो.

कोणत्या नोंदण्या लागतात?

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार घरच्या घरी, मोजक्याच कामगारांवर काम असेल तर परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची असते. हाच लोकांच्या तोंडचा गुमास्ता. चालू खातं उघडताना बँक हे दोन्ही कागद मागते.

जीएसटीबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फक्त महाराष्ट्रात वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर, अगदी पणजी किंवा बेळगावला, माल विकून पाठवायचा तर कमी उलाढालीलाही नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे, छापील मग त्यात मोडत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांतून विकायला पूर्वी सगळ्यांनाच नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या आणि फक्त आपल्याच राज्यात विकणाऱ्यांना जीएसटी संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं.

भांडवलाला कर्ज मिळतं का?

मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, या कामाला तेवढं पुष्कळ आहे. बँकेत जाताना मशीनचं दरपत्रक आणि उद्यम प्रमाणपत्र न्या. मात्र आधी शेजारच्या छापणाऱ्याकडून पंधरा-वीस मग करून विकून पाहा. ग्राहक आहेत हे दिसल्यावर हप्ता डोक्यावर घ्या.

कोणती चित्रं छापू नयेत?

कार्टूनमधली पात्रं, क्रिकेट संघांची बोधचिन्हं, सिनेमांची पोस्टर आणि संवाद यांचे हक्क दुसऱ्यांचे आहेत. ग्राहकानं मागितलं तरी विकणारे तुम्ही असता. कॅनव्हा या डिझाइन अ‍ॅपमधलं तयार चित्र जसंच्या तसं वस्तूवर छापून विकता येत नाही, त्यातून स्वतःची रचना करावी लागते. राष्ट्रध्वज उशी, रुमाल, नॅपकिन यांवर छापायला ध्वजसंहितेनं मनाई आहे. आणि महाराष्ट्रात सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं: बोधचिन्हं व नावांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्याचा व्यापारी वापर करता येत नाही. बाजारात असा माल सर्रास दिसतो म्हणून तो नियमात बसतो असं नाही.

ग्राहकांच्या घरचे फोटो, विशेषतः लहान मुलांचे, विचारल्याशिवाय आपल्या पानावर टाकू नका. ऑर्डर पोचल्यावर महिनाभरानं ते पुसून टाका.

'मशीन आमच्याकडून घ्या, छापलेला माल आम्हीच विकत घेऊ' अशी जाहिरात खरी असते का?

त्यापासून लांब राहा. बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मशीन गळ्यात मारतात, पहिला घाणा उचलतात आणि पुढे 'दर्जा बसत नाही' म्हणून हात वर करतात. ठेव किंवा प्रशिक्षण फी मागून काम देणारेही तसेच. ज्याला खरंच माल हवा आहे तो तुमच्याकडून पैसे मागत नाही.

सुती टी-शर्टवर छपाई मागतात, काय करावं?

सब्लिमेशन सुती कापडावर धरत नाही. त्यासाठी डीटीएफ आहे, म्हणजे फिल्मवर छापून ते चित्र उष्णतेनं कापडावर उतरवायचं. त्याचं मशीन घेऊ नका, पांढरी शाई रोज न हलवल्यास ते गच्च बसतं. शहरात मीटरच्या भावानं डीटीएफ छापून देणारे आहेत. रोलची रुंदी साधारण ५८ सेंटिमीटर असते, त्यावर चार-पाच ऑर्डर दाटीनं मांडून एकच मीटर छापून आणा आणि घरी १५० ते १६० अंशाला १०-१५ सेकंद दाबून लावा.

मुलगा-सून परदेशात, आईबाबा इकडे. अशा ऑर्डर घ्याव्यात का?

जरूर घ्या, या ऑर्डरमध्ये भावाची घासाघीस नसते. पैसे इथल्या भावंडाकडून यूपीआयनं घ्यावेत, किंवा त्यांच्या एनआरओ-एनआरई (परदेशस्थ भारतीयांसाठीच्या) खात्याला यूपीआय जोडलेलं असेल तर थेट. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपली संध्याकाळ असते, त्यामुळे डिझाइन मंजूर होण्यात एक दिवस जातो. वाढदिवसाच्या किमान आठ दिवस आधी ऑर्डर मागा. बंद फ्लॅट किंवा वाडा असेल तर शेजाऱ्यांचा फोन नंबर घेऊन ठेवा, आणि आईबाबांना कुरिअर येणार आहे एवढं तरी कोणी सांगितलंय का ते विचारा. अनोळखी खोका घ्यायला ज्येष्ठ माणसं नकार देतात.

घरात लहान मुलं आहेत. प्रेस वापरणं धोक्याचं आहे का?

पाटी बंद केल्यावरही अर्धा तास चटका देते. टेबल भिंतीला लावा, वायर मागून घ्या. मग प्रेस साधारण ३५० वॅटची असते, साध्या सॉकेटवर चालते. सपाट प्रेस हजार वॅटच्या वर जाते, तिला १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर बोर्ड वितळू शकतो.

पावसाळ्यात छपाई बिघडते, त्याला काय करावं?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा प्रश्न येतोच. कागद हवेतली ओल धरतो, गरम झाल्यावर तीच ओल वाफ होऊन शाई इकडेतिकडे ढकलते आणि चित्रावर ढग उमटतात. कागदाचं पाकीट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, लागतील तेवढेच कागद काढा. छापलेला कागद पाच मिनिटं पंख्याखाली सुकू द्या. कोरे मग प्रेसच्या वरच्या बाजूला थोडे कोमट करून घ्या. उशीचे अभ्रे छापण्याआधी पाच सेकंद रिकामेच दाबा, आतली ओल निघून जाते.

मध्येच वीज गेली तर मग लगेच बाहेर काढा आणि कागद सोलून घ्या. वीज आल्यावर तोच कागद लावून पुन्हा दाबलात तर हमखास दुहेरी चित्र येतं. तो मग बाजूला ठेवा, कोरी बाजू उरली असेल तर पुढच्या वेळी रंगांच्या चाचणीला वापरता येईल.